चौकोनी हिरो गोल झाला

आमच्या घुग्घुसात सगळं पुसूनच घ्यावं लागते. जेवायचं ताट पुसा, देव पुसा, गाडीची सीट पुसा. एका बाजूनं कोळसा, दुसऱ्या बाजूनं सिमेंट. म्हणून इथल्या माणसाले धूसर दिसलं का तो पहिले धुळीले शिव्या देते. आमच्या ह्याईचं तसंच झालं.

हे मंजे पत्रूजी. घेतलं नाव! पोरगी दिव्यानी लग्न होऊन नागपूरले गेली, आता काय लाजायचं?

खाण कामगाराईच्या वसाहतीजवळ ह्याईचं व्हिडिओ गेमचं दुकान हाय. मी लग्न होऊन आली तवा तिथी कपाटाएवढा एक लाकडी डबा होता. वरती काच, खाली दोन बटनं अन् एक दांडा. नाणं टाकलं का काळ्या पडद्यावर हिरो उभा राहे. हिरो कायचा बाप्पा! डोकं चौकोनी, पोट चौकोनी, पाय मंजे दोन ठोकळे. मी म्हटलं, "हा माणूस हाय का विटाईचा ढीग?" त्यावर हे असे फुगले का रात्री भाजी पाहिजे का विचारलं तरी बोलले नाईत.

पण त्या ढिगाशी खेळाले शिफ्ट सुटल्यावर खाणीतले लोकं रांग लावत. तोंड काळं, हात काळे, नुसते दात चमकून राह्यलेले. तवा पडद्यावर काई समजावून सांगत नसत. कोपऱ्यात तीन लाल बदाम, तेवढे तुमचे जीव. बाकी ज्याचं त्यानं मरून मरून शिकायचं.

मंग टीव्हीले जोडायचा कॅसेटवाला गेम आला. त्या दिवशी मी कणीक मळून राह्यली होती, तं दुकानातून हाक आली. दुकान अन् सैपाकखोली यात एकच भिंत हाय आमची.

"चंदे! धाव लवकर! ढग चालून राह्यले!"

मी पिठाच्या हातानं धावली. पडद्यावर निळं आभाळ अन् त्यात खरंच ढग सरकून राह्यले होते. म्हटलं, "अहो, बाहेर पाहा ना, फुकटात चालून राह्यले."

"तुले समजत नाई व. पाह्य, किती बारीक काम हाय!"

ही हाक मंग संसारभर पुरली. कॉम्प्युटर आला, चपटा हिरो भरीव झाला, पण बिचाऱ्याले बोटं नव्हती. हात मंजे लाटणं. तरी हाक. पुढे बोटं आली, तवा हाक. हिरोची सावली पडली, तवा हाक. बुटाची लेस दिसली तवा तं हे खुर्चीवरून उठून उभेच राह्यले. "पाह्य चंदे, किती बारीक काम हाय!" माझी भाजी करपे, मी तणतणत जाई. पण खरं सांगू? मले आवडे ते. आमच्या गल्लीत बायकोले काई चांगलं दाखवाले कोण बोलावते हो? पाणी मागाले बोलावतात.

मोबाइल आले, तवा वाटलं दुकान बसते. बसलं नाई. पोट्टे आपापला मोबाइल घेऊन ह्याईच्याच बाकावर बसत, अन् मोठ्या टीव्हीवर खेळाले नंबर लावत. "दांडा गेला, बटनं गेली, काचेचंच बटन केलं लेकाईनं!" असं हे गिऱ्हाइकाले कवतिकानं दाखवत. मले तं त्या पडद्याचा राग ये. इकडे नकाशा, तिकडे झोळी, खाली बंदुका, वर आकडे. हिरो कुठी गेला तो हुडका! अन् सुरुवातीलेच एक पांढरा हात येऊन दाखवते, इथी दाब, तिथी दाब. एवढ्या मोठ्या पोट्ट्याईले घास भरवल्यासारखं.

मंग कवा तरी ह्याईच्या हाका बंद झाल्या.

मले लवकर समजलंच नाई. वाटलं, वय झालं, हौस फिटली. हे दिवसभर फडकं घेऊन टीव्ही पुसत. टीव्ही पुसून झाला का चष्मा पुसत, चष्मा पुसून झाला का पुन्हा टीव्ही. घुग्घुसात पुसणाऱ्या माणसाले कोण विचारते का काऊन पुसता म्हणून? मीच नवीन फडकी फाडून देत होती.

अन् मंग गेम बनवणाऱ्याईले शिव्या सुरू झाल्या. "कामचोर झाले सारे. पहिलेसारखं काम राह्यलं नाई." खाणीत डंपर चालवणारा कुलदीप एक दिवस खेळून राह्यला होता. तो म्हणाला, "काका, आख्खं जंगल हाय समोर. पान न् पान हलून राह्यलं."

"जंगल? हिरवा चिखल हाय तो!" हे ओरडले. "तुमाले चांगलं काय अन् वाईट काय, अक्कलच नाई!"

कुलदीप उठून गेला तो आलाच नाई. त्याच्यामागं त्याचे दोस्त गेले. बाक रिकामा पडला, तरी ह्याईचा हेका कायम, का नवे गेमच भंगार हायेत.

शेवटी ह्याईनं मागच्या खोलीतला जुना लाकडी डबा काढला, खटपट करून चालू केला. अन् एवढ्या वर्षानं हाक आली.

"चंदे! धाव! हिरो गोल झाला!"

मी धावली. आनंदानं धावली हो, खोटं कशाले बोलू. पाहते तं हिरो होता तसाच. विटाईचा ढीग.

"पाह्य ना, गाल कसे गोल दिसून राह्यले. नाकही हाय. याच्यापुढे नवे गेम काईच नाई."

मी ह्याईच्या समोर जाऊन उभी राह्यली. म्हटलं, "अहो, माझ्या साडीवर काय हाय सांगा बरं?"

"काय राहीन? साधी तं हाय."

साडीवर इवली इवली पिवळी फुलं होती. सासरे आठवले. अखेरीअखेरीस दिसणं बंद होऊन ते भिंत धरून अंगणात येत.

चंद्रपूरच्या डोळ्याच्या डॉक्टरनं सांगितलं, दोन्ही डोळ्यात मोतीबिंदू हाय, पिकला हाय, आता थांबू नका. हे तिथून उठून सरळ बाहेर. "दोन डोळे मंजे दोनच जीव. चाकू चुकला तं खेळ खतम." मी समजावलं, रडली, जेवली नाई. दिव्यानीनं फोनवर हात टेकले. माणूस ढिम्म.

मंग माझी सटकली. म्हटलं, "बसा मंग! गेम काई खराब नाई झाले. ते चांगलेच होऊन राह्यले, तुमालेच दिसून नाई राह्यलं! कुलदीपच्या त्या जंगलात पानाच्या शिरा दिसतात शिरा!"

ह्याईनं हातातलं फडकं खाली ठेवलं. मंग हळूच म्हणाले, "शिरा? मंजे अजून पुढे गेले ते? अन् मी पाह्यलंच नाई?"

दुसऱ्याच दिवशी पिशवी भरून तयार! बायकोच्या रडण्यानं जो हलला नाई, तो पानाच्या शिराईनं हलला. काय म्हणावं या माणसाले?

पहिले एका डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. ह्याईले आत नेलं, अन् बाहेर बाकावर मले वेगळीच भीती वाटाले लागली. गेली काई वर्षं हे मले म्हणत, "चंदे, तू अजून आली तवा होती तशीच दिसतं." मी म्हणे, "चला, काहीतरीच!" पण सुखावत होती. केस पिकले, समोरचा दात गेला, धुळीनं अन् चुलीनं तोंडाचं पार सुकलं वांगं झालं. ह्याईच्या मोतीबिंदूत मात्र मी नवी नवरीच होती. आता ते जाणार होतं. तरी देवाले हात जोडून मी म्हटलं, जाऊ दे माझं, ह्याईले दिसू दे.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. मी ह्याईच्या पाठीमागंच उभी राह्यली, डोक्यावरून पदर घेऊन. काळा चष्मा लावून घरी आणलं, तवा गाडीतही माझं तोंड खिडकीकडं.

घरी आल्याबरोबर हे दुकानात शिरले. चष्मा काढला, डबा चालू केला.

"अरे! हा तं चौकोनीच हाय व!" बिचाऱ्याचं तोंड उतरलं. "गाल नाई, नाक नाई, नुसत्या विटा!"

अन् मंग हे माझ्याकडं वळले. पदर ओढाले वेळच नाई मिळाला. उजेडात घेऊन गेले, हनुवटी धरली, अन् पाहतच राह्यले. कपाळ पाह्यलं, डोळ्याच्या कडा पाह्यल्या, ओठाजवळच्या रेघा पाह्यल्या.

"काय पाहता? बुड्ढी झाली मी," मी म्हटलं, अन् मले रडूच आलं.

ह्याईनं बोट अलगद माझ्या डोळ्याच्या कडेवरून फिरवलं, एकेका सुरकुतीवरून, अन् त्याच जुन्या हाकेच्या आवाजात ओरडले, "चंदे! किती बारीक काम हाय व!"

बाहेर रस्त्यावरून शिफ्टचे लोकं जाऊन राह्यले होते. मी म्हटलं, "हळू बोला, ऐकून राह्यले सारे." पण हनुवटी काई सोडवून घेतली नाई.