कक्षा सोडण्याची रीत

भगवंतराव शिंदे नारायणगुड्याच्या एका मराठी शाळेत विज्ञान शिकवत आणि काचीगुड्यात आमच्या समोरच्या घरात राहत. बीदरकडच्या शेतकऱ्याचा मुलगा. पहिली काही वर्षं उर्दूत शिकले, पुढे मराठीत, आणि आयुष्यभर मराठीतच शिकवलं.

१९९५ साली शाळेनं ठरवलं की जूनपासून सगळं इंग्रजीत. मुलांची संख्या रोडावली होती. मराठी घरांतली पोरंसुद्धा टाय लावून दुसरीकडे जात होती. समितीचे नवे अध्यक्ष मुकुंदराव हे भगवंतरावांचेच विद्यार्थी, कंप्युटर क्लास काढून वर आलेले. त्यांनी नियम केला: प्रत्येक शिक्षकानं समितीसमोर एक धडा इंग्रजीत शिकवून दाखवायचा. जमला तर वर्ग मिळेल, नाही तर गणवेश विकायच्या खोलीत बसायचं.

भगवंतराव माझ्याकडे आले. मी सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली.

"वहिनी, तुमच्या नन लोकांची थोडी इंग्रजी मला द्या."

"कुठला धडा घेणार?"

"यान पृथ्वी सोडून लांब कसं जातं, तो. तोच जमला नाही, तर खुशाल चड्ड्या विकतो."

महिनाभर रोज संध्याकाळी ते यायचे. इंग्रजी मी शिकवत होते, पण शिकत मीही होते. उपग्रह वर तरंगत नसतो, सारखा पडतच असतो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. पडता पडता पुढे इतका पळतो, की खालची जमीन वळून दूर होत जाते आणि तो पोहोचतच नाही. योग्य जागी वेग वाढवला की वर्तुळ लांबट होतं. आणखी वाढवला की यान पृथ्वीच्या हातून सुटतं.

"आणि पुढे? तेवढं इंधन कुठून आणायचं?" मी विचारलं.

"आपल्या चौरस्त्यावर पोरं धावत्या बसचा दांडा धरतात ना? वळण संपता संपता सोडतात, बसचा वेग घेऊन पुढे फेकली जातात. गुरू ग्रह म्हणजे ती बस. यान त्याच्या मागून जातं, त्याच्या ओढीनं वळतं, आणि त्याच्या वेगातला वाटा घेऊन निघून जातं."

"गुरूचं काही जातं का?"

"जातं की. पण इतकं कमी, की कुणाच्या ध्यानात येत नाही."

"बसचं इंग्रजीत सांगाल?"

"हौ, सांगतो की. बस तर इंग्रजीच आहे!"

धडा मी मागच्या बाकावरून पाहिला. उच्चार जाडेभरडे होते, पण वाक्यं बरोबर होती. मुलं मान वर करून ऐकत होती. चूक एकच झाली. तीस वर्षांच्या सवयीनं हात फळ्याकडे गेला आणि मथळा मराठीत लिहिला गेला: 'कक्षा सोडण्याची रीत'.

सेक्रेटरी हिंदीभाषक; त्यांच्या हिंदीत कक्षा म्हणजे शाळेचा वर्ग. त्यांनी वाचलं आणि मांडीवर थाप मारली. "क्या मास्टरसाब, बच्चों को क्लास छोड़ने की तरकीब सिखा रै क्या?"

शेजारचे तेलुगू सभासद म्हणाले, "हमारे में तो कक्ष बोले तो दुश्मनी!"

सगळे हसले. भगवंतराव खडू धरून मुकुंदरावांकडे पाहत राहिले. समितीत मराठी जाणणारे ते एकटेच. मुकुंदरावही हसत होते.

मी उभी राहिले. "कक्षा म्हणजे ऑर्बिट. मुकुंदराव, तुम्हाला माहीत आहे."

"काकू, पाहुण्यांनी मध्ये बोलू नये," ते गोड आवाजात म्हणाले.

निकालात लिहिलं होतं: विषयाची जाण उत्तम, संभाषणकौशल्य अपुरं.

घरी येताना मी म्हटलं, "जा आणि समजावून सांगा मुकुंदरावांना."

"वहिनी, ज्याला ठाऊक नाही त्याला मी जन्मभर समजावलं. ज्याला ठाऊक आहे त्याला काय समजावू?"

जूनमध्ये ते गणवेशाच्या खोलीत बसले. दिवाळीपर्यंत बसले आणि मग राजीनामा दिला. पुन्हा कुठल्याही फळ्यापुढे उभे राहिले नाहीत. शिकवणीला मुलं आली, तर बाहेरूनच परत पाठवत.

२००१ मध्ये ते गेले. मुकुंदराव मोठा हार घेऊन आले आणि अंगणात चांगलं लांबलचक इंग्रजी बोलले. भगवंतरावांच्या पत्नी सावित्रीबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"काय म्हणाला हो तो?" त्यांनी मला विचारलं.

मी मराठीत सांगितलं: असा शिक्षक मी दुसरा पाहिला नाही. विज्ञानाचा शब्द न् शब्द मला सरांनी दिला. आज मी जो आहे तो त्यांच्यामुळे.

सावित्रीबाईंनी डोळे पुसले नाहीत. मुकुंदराव चपला घालत होते, त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "मग त्या दिवशी एक शब्द का नाही दिला परत?"

मुकुंदरावांनी मान खाली घालून चपलेचा पट्टा लावला आणि ते गाडीकडे गेले.