चालू क्लस्टरची लाल पाटी

ऑफिसात तिला सगळे पाटीवाली म्हणत, आणि हे नाव तिने स्वतः कमावलेलं होतं. नवऱ्याला ते मुळीच पसंत नव्हतं. "भाजीवालीसारखं वाटतं," तो म्हणायचा. "वाटू दे की," ती म्हणायची, "भाजीवालीला अख्खी गल्ली ओळखते. तुझ्या ऑफिसात तुला तिसऱ्या मजल्याच्या वर कोणी ओळखतं का?" आणि खरंच कोणी ओळखत नव्हतं.

तिची कंपनी इस्पितळांना तपासण्यांचे रिपोर्ट पोचवायची. सकाळी रक्त दिलं की दुपारी डॉक्टरच्या स्क्रीनवर रिपोर्ट, आणि मधली सगळी धावपळ कंपनीच्या प्रोग्रॅमची. हे प्रोग्रॅम कंटेनर नावाच्या बंद डब्यांत चालतात आणि असे ढीगभर डबे सांभाळणाऱ्या संगणकांच्या जथ्याला क्लस्टर म्हणतात. त्यांच्याकडे दोन क्लस्टर होते. एक सरावाचा, तिथे मोडा, तोडा, पुसा, कोणाचं काही बिघडत नाही. दुसरा चालू, तिथे खऱ्या आजाऱ्यांचे खरे रिपोर्ट. पण दोघांनाही हुकूम द्यायची जागा एकच, टर्मिनलची काळी खिडकी. तिथे डावीकडे प्रॉम्प्ट लुकलुकत असतो, म्हणजे संगणक विचारतो, बोला, काय करू? आपण दोघांपैकी कोणाशी बोलतोय ते मात्र तो आपणहून सांगत नाही. मुद्दाम विचारावं लागतं.

हा घोळ एक दिवस दादांच्या अंगाशी आला. दादा म्हणजे टीममधले सगळ्यात जुने गृहस्थ, इतके सावध की चहाचा कपसुद्धा कीबोर्डपासून हातभर लांब ठेवणारे. त्या दुपारी त्यांनी सराव समजून क्लस्टरचा एक अख्खा कप्पा, आतल्या सगळ्या डब्यांसकट, पुसला आणि तो निघाला चालूमधला. संध्याकाळपर्यंत रिपोर्ट बंद. इस्पितळांचे फोन, लॅबवाल्यांची आरडाओरड, कंपनीच्या अब्रूचे धिंडवडे. पुसलेलं सगळं परत मिळालं, कोणाच्या जिवावर बेतलं नाही, पण दादांची झोप उडाली. "मी तपासलं होतं," एवढंच ते म्हणत राहिले. "पुसण्याआधी विचारलं होतं, सरावच म्हणाला."

कोणी विश्वास ठेवला नाही. नोंदीत चालू असं स्वच्छ दिसत होतं. वय झालं, विसरले असतील, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. पाटीवालीनेही. तिने तोंडाने म्हटलं नाही, इतकंच.

विभागाच्या मॅडम रोखठोक बाई. त्यांनी जाहीर केलं की चालू क्लस्टरच्या चाव्या टीमकडून काढून घेणार. यापुढे प्रत्येक हुकूम मुख्य ऑफिसला कळवायचा, तिथला माणूस तो देईल. म्हणजे स्वयंपाक आपण करायचा आणि मीठ किती घालू हे दुसऱ्या गावाला विचारायचं. आणि हे सगळं दादांमुळे, असं कायमचं त्यांच्या कपाळी लागणार होतं. तेव्हा ती उठून म्हणाली, "मॅडम, महिनाअखेरच्या बैठकीपर्यंत थांबा. चुकायला जागाच राहणार नाही असं काहीतरी करते."

तिने प्रॉम्प्टलाच बोलतं केलं. आता तो लुकलुकायच्या आधी क्लस्टरचं नाव सांगायचा आणि त्यातला कप्पाही. सराव असेल तर हिरवी पाटी, चालू असेल तर लालभडक. ऐकायला सोपं वाटतं, पण त्या पाटीने तिला रडवलं. आधी पाटी दर वेळी क्लस्टरकडूनच उत्तर मागवायची, तेव्हा प्रत्येक एंटरनंतर खिडकी सरकारी कचेरीसारखी स्वस्थ बसायची. म्हणून मग आपल्याच मशीनवरच्या फाइलीतून नाव वाचायला लावलं, तेव्हा कुठे वेग आला. मग लांब कमांड दिली की दुसरी ओळ खाली उतरण्याऐवजी पहिलीच्याच डोक्यावर चढून बसायला लागली. रंगाच्या खुणांना जागा लागत नाही, हे टर्मिनलला वेगळं सांगावं लागतं म्हणे! ते सांगितलं आणि पाटी अशी बसली की बघत राहावं. कॉलर ताठ करण्यासारखीच गोष्ट होती आणि तिने ती ताठ केलीही. इतरांनी ती पाटी घेतली, दुसऱ्या शहरातल्या ऑफिसांनी मागून घेतली. महिनाभरात कोणाचा हात चुकला नाही.

बैठक सोमवारी होती. रविवारी दुपारी तिने कौतुकाने सासूबाईंना पाटी दाखवली. सासूबाई ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स म्हणून निवृत्त झालेल्या. मटार सोलतानाही पाठ ताठ.

"आई, हे बघा. हिरवं म्हणजे बिनधास्त, लाल म्हणजे सांभाळून."

"छान दिसतंय गं. पण ही पाटी लावतं कोण?"

"आपोआप लागते."

"कधी?"

"एंटर दाबला की."

"आणि दाबायच्या आधी काही बदललं तर?" सासूबाईंनी एक शेंग फोडली. "आमच्याकडे पलंगाला कार्ड असायचं. पण थिएटरात घेताना मी कार्ड कधी वाचलं नाही. वॉर्डात पलंग इकडचे तिकडे होतात, कार्ड बिचारं लोंबकळत राहतं. माणसालाच विचारायचं, बाबा, तुझं नाव काय, आणि आज तुझं काय करायचंय?"

"अहो आई, कंटेनर कुठे पलंग बदलतात!" ती हसली. पण खिडकी तर बदलते की क्लस्टर, हे हसता हसताच तिच्या डोक्यात आलं. मटार तसेच सोडून तिने लॅपटॉप ओढला.

तिने दोन खिडक्या उघडल्या. दोन्हींत हिरवी पाटी. दुसऱ्या खिडकीत ती चालू क्लस्टरकडे वळली, तिथली पाटी लाल झाली. पहिल्या खिडकीत हिरवीच. ते बरोबरच, असं कोणालाही वाटलं असतं. पण तिने पहिल्या खिडकीत नुसता एंटर दाबला आणि तिथेही पाटी लालभडक झाली.

कोणत्या क्लस्टरशी बोलायचं, हे दोन्ही खिडक्या एकाच फाइलीत बघत होत्या. एकीत वळलं की दुसरीही गुपचूप वळायची, आणि तिची पाटी मात्र जुनीच, हिरवीगार, खोटं बोलत उभी. एंटर दाबेपर्यंत. आणि एंटर तर माणूस हुकूम देतानाच दाबतो!

पहिल्यांदा तिला स्वतःचा राग आला. मग ही पाटी घेतलेली सगळी ऑफिसं आठवली. आणि मग दादा आठवले. दादा दोन खिडक्या उघड्या ठेवूनच काम करायचे. एकीत त्यांनी विचारलं असणार, उत्तर आलं असणार सराव. मग काहीतरी बघायला दुसरीत चालूकडे वळले असणार आणि परत पहिलीत आले असणार, जिथे त्यांच्या डोळ्यांसमोर सराव असंच लिहिलेलं होतं. म्हातारा खरं बोलत होता.

"आई," ती म्हणाली, "आम्ही सगळ्यांनी मिळून एका भल्या माणसाला खोटं पाडलं हो."

"मग उद्या खरं पाड," सासूबाई म्हणाल्या. "आणि मटार मी सोलते, तू ते आवर."

दुरुस्ती संध्याकाळच्या आत झाली. प्रत्येक खिडकीला तिची स्वतःची फाइल दिली, म्हणजे एकीच्या वळण्याचा दुसरीला पत्ताच नाही. शिवाय काही पुसायचं म्हटलं की खिडकी आधी ऐन त्या क्षणी आपण कुठे आहोत ते नव्याने बघणार, आणि ते नाव माणसाने हाताने लिहिल्याशिवाय पुढे सरकणार नाही. तिला वाटलं असतं तर उद्या ही नवी पाटी दाखवून टाळ्या घेता आल्या असत्या. जुनीतलं भोक कोणाच्या बापालाही कळलं नसतं. नवऱ्याने तसं सुचवलंही. "उगाच कशाला हात दाखवून अवलक्षण? मॅडम चाव्या काढून घेतील."

"घेतील तर घेतील," ती म्हणाली. "दादांच्या नावावर पाय देऊन मला चाव्या नकोत."

सोमवारी बैठकीच्या खोलीत भिंतीवर मोठा पडदा. मॅडम खुशीत होत्या; पाटीचं कौतुक वरपर्यंत गेलं होतं. दादा नेहमीसारखे दाराजवळच्या खुर्चीत.

"आधी माझी चूक दाखवते," ती म्हणाली आणि तिने सरावासाठीच उभे केलेले दोन तात्पुरते क्लस्टर घेऊन, एकाला मुद्दाम लाल पाटी देऊन, तो सगळा प्रकार पडद्यावर करून दाखवला. हिरव्या पाटीखाली पुसण्याचा हुकूम दिला आणि पुसलं गेलं लाल पाटीचं. मॅडमच्या कपाळावर आठ्या.

"म्हणजे तुमची पाटी महिनाभर खोटी होती?"

"खोटी पडू शकत होती. आता नाही पडणार, तेही दाखवते. पण मॅडम, पाटी माझी नंतरची. हा सापळा आधीपासूनचा आहे. दादा त्यात असेच अडकले. त्यांनी तपासलं होतं."

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. दादा उठले, हळूहळू पडद्याजवळ आले आणि चष्मा वर करून त्या दोन खिडक्यांकडे बघत राहिले.

"परत कर," ते म्हणाले.

तिने परत केलं.

"अजून एकदा. सावकाश."

तिने सावकाश केलं. दादांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते लपवायची त्यांना गरज वाटत नव्हती. पाटी बनवल्याचाही तिला इतका अभिमान वाटला नव्हता, जितका ती मोडून दाखवल्याचा वाटला.

मॅडमनी चाव्या काढून घेण्याच्या हुकमाचा कागद फाईलमध्ये परत ठेवला. "चाव्या इथेच राहतील," त्या म्हणाल्या. मग खुर्ची मागे सारून उभ्या राहिल्या. "आणि दादा, तुम्ही तपासलं होतं. आम्ही तपासलं नाही."