भावोजींचं धुतलेलं गाऱ्हाणं

कानांनी छळलेला आणि त्या कानांपायी साऱ्या घराला छळणारा, आमच्या मोठ्या भावोजींसारखा माणूस अख्ख्या मालवण तालुक्यात दुसरा नसेल. भावोजी म्हणजे माझे थोरले दीर. त्यांच्या लेखी जगात आवाज दोनच जातींचे: सुरातले आणि पुसून टाकायचे. मी लग्न होऊन तोंडवलीला आले, तर त्याच आठवड्यात त्यांनी सासूबाईंना कळवलं, की नवी सून बोलते पेटीच्या काळी दोनमध्ये, पण चिडली की पांढरी चारला जाते. आता असल्या माणसावर चिडायचं तरी कसं? मासळीवाली दारात हाक घालायची, तर हे पडवीतून तिला "वायच वर घे गो" म्हणून सांगायचे. एकदा तिने खरोखरच भाव वर घेतला, आणि सासूबाईंनी भावोजींना सकाळचं पडवीत बसायला बंदी केली.

ते भजनी मंडळात पेटी वाजवायचे. कुडाळहून त्यांनी एक जुना कॉम्प्युटर आणला, भाताच्या खोलीत मांडला आणि बुवांच्या भजनांतल्या बेसूर जागा त्यात सुरात आणायला लागले. पडद्यावर आवाजाच्या रेघा उमटत. भावोजी माउसने एकेक रेघ वर सरकवत, खाली सरकवत, जीभ दातांत धरून. कुणाचा खोकला, कावळा, सतरंजीवरची चुळबुळ, सगळं निवडून काढत, सासूबाई तांदळातले खडे काढतात तसं. खरं वैर होतं समुद्राशी. आमच्याकडे कुठेही रेकॉर्डिंग करा, मागे गाज ही असायचीच. "ह्येका कोणी बोलावलेलो?" असं ते समुद्राच्या दिशेला बघून मनापासून विचारायचे.

पण त्या कॉम्प्युटरवर साऱ्या घराचा जीव टांगणीला लागला तो शालनच्या, माझ्या धाकट्या नणंदेच्या लग्नात. आमच्या घरातल्या कार्याला मांडवात गाऱ्हाणं घालायचं ते मामंजींनीच. ते देवाकडे एकेक मागणं मागायचे आणि प्रत्येक मागण्याला जमलेली माणसं 'व्हय म्हाराजा' म्हणायची. आदल्या वर्षी मामंजींना अर्धांगाचा झटका आला आणि त्यांची वाचा गेली. गाऱ्हाणं चुलतसासऱ्यांनी घालावं असं कुणी सुचवलं, तर मामंजींनी डाव्या हाताने खुर्ची बडवून बडवून नको म्हटलं. लाडक्या लेकीचं गाऱ्हाणं दुसऱ्याच्या तोंडून त्यांना ऐकायचंच नव्हतं. जेवणाचं ताटसुद्धा ढकललं त्यांनी.

तेव्हा भावोजी म्हणाले, "बाबांचा गाऱ्हाणा बाबाच घालतले."

माझ्या लग्नातलं मामंजींचं गाऱ्हाणं त्यांच्याकडे कॅसेटवर होतं. अडचण एवढीच, की देवाकडे मागितलेलं सगळं त्यात माझ्या नवऱ्याच्या नावाने होतं. ते नाव काढून शालनचं बसवायचं, आणि तेही मामंजींच्याच आवाजात! भावोजींनी होत्या नव्हत्या तेवढ्या कॅसेटी उपसल्या. शेवटी एकीत, भावोजींच्या पेटीच्या रियाजामागे, मामंजी मागीलदारी लेकीवर ओरडलेले सापडले: म्हशीला पाणी दाखवलंस का, म्हणून. नाव मिळालं, पण केवढ्या रागातलं! वर त्याला पेटी चिकटलेली.

पेटी कशीबशी निघाली. राग निघेना. सूर फार खाली आणला की मामंजी विहिरीतून बोलल्यासारखे वाटत, जरा वर ठेवला की देवासमोर लेकीला दम भरल्यासारखे. मध्येच लाईट जायची आणि केलेलं सगळं पाण्यात. इकडे पाहुणे उतरले, मांडव उभा राहिला, आणि भाताच्या खोलीतून आपलं "शालन... शालन..." चालूच. शालन बिचारी हळदीच्या अंगाने त्या दाराशी येऊन डोळे पुसायची. शेवटी मी भावोजींना तडकून म्हटलं, जमत नसेल तर तसं सांगा, मामंजींना खोटी आशा लावू नका. त्यांनी माझ्या सुराबद्दल चकार शब्द काढला नाही, तेव्हा मात्र माझं धाबं दणाणलं.

मुहूर्ताआधी मामंजींना मांडवात आणून बसवलं. डब्यातलं गाऱ्हाणं देवाला पोचतं का, अशी जाणत्यांची कुजबुज चालली होती. भावोजींनी बटण दाबलं.

"बा देवा म्हाराजा! आज माझ्या घराक शालनचा लगीन आसा, ता सुखरूप पार पाड रे म्हाराजा..."

नाव बसलं होतं. रागाचा मागमूस नाही, नुसती माया. पण पुढे सगळं चिडीचूप. भावोजींनी जुन्या लोकांचे 'व्हय म्हाराजा' पुसून तेवढी जागा मोकळी ठेवली होती, मांडवातल्यांनी म्हणावं म्हणून. आणि हे मांडवातल्यांना सांगायलाच विसरले होते! बरं, ती जागा त्यांनी इतकी लख्ख धुतलेली, की सगळ्यांना वाटलं लाईटच गेली. कुणीतरी जनरेटर बघायला उठलंसुद्धा. भावोजी पांढरेफटक पडले. आता मामंजी खुर्ची बडवणार, अशा भीतीने मी त्यांच्याकडे पाहिलं.

मामंजी स्पीकरकडे टक लावून बघत होते. त्यांचं वाकडं तोंड हललं. "व्हय... म्हा..."

झटक्यानंतर आम्ही ऐकलेला तो त्यांचा पहिला शब्द. जन्मभर गाऱ्हाणं घालणाऱ्या माणसाने स्वतःच्या गाऱ्हाण्याला साथ दिली, आणि मग अख्खा मांडव गरजला.

त्यानंतर मामंजी दुसरं काही बोलले नाहीत. पण रोज तिन्हीसांजेला डाव्या हाताने भाताच्या खोलीकडे खूण करायचे, भावोजी ते गाऱ्हाणं लावायचे, आणि मामंजी प्रत्येक जागी जमेल तेवढं म्हणायचे. आता ते नाहीत. भावोजी अजून कधी कधी ते लावतात. मोकळी जागा आली की मी स्वयंपाकघरात हातातलं काम थांबवते. आतून भावोजींचा एकट्याचाच आवाज येतो, "व्हय म्हाराजा."