मागताक्षणी मिळालेला हॉल

वेलदोड्याच्या चहाचा वास आला की मला वाघोलीच्या आमच्या कॉलेजातली विभागप्रमुखांची ती केबिन आठवते. कुटुंब आणि परंपरा यांच्या बाजूने उघडपणे बोलणारं पहिलंच व्याख्यान आम्हा चौघांना तिथे ठेवायचं होतं, आणि एरवी आमची पत्रकं पाहून कपाळाला आठ्या घालणारे विभागप्रमुख त्या दिवशी चक्क म्हणाले, "बसा, चहा घ्या. शुक्रवारी दुपारी मोठा हॉल तुमचा." माझ्या मनात पाल चुकचुकली, पण मित्राने कोपराने ढोसलं, "अरे, मिळतोय तर गप घे ना!" शुक्रवारी आम्ही खुर्च्या पुसल्या, समई लावली, आणि वक्त्यांसमोर बसलो आम्ही चौघेच. बाकी अख्खं कॉलेज टाय लावून शेजारच्या इमारतीत नोकरीच्या मुलाखतींच्या रांगेत उभं होतं, आणि मुलाखतींची ती तारीख ठरवली होती याच सरांनी. सर दारातून डोकावले, "काय, गर्दी आवरतेय ना?" त्यांनी नकार दिला असता तर आम्ही गेटवर घोषणा देऊन कॉलेज दणाणून सोडलं असतं, होकाराविरुद्ध काय घोषणा देणार? आजही कुणी परवानगीबरोबर चहा पुढे केला, की मी कप तसाच ठेवतो आणि आधी सूचनाफलक वाचून येतो.