दाराच्या पत्र्यावरचे दोन ठोके

दत्तामामा गेल्याचा फोन सकाळी मला ठाण्यात खोपटच्या घरी आला. फोन त्यांच्या धाकट्या भावाचा, सुधामामांचा होता. आवाज नेहमीसारखाच. "दादा गेला रे. ये तू. पण शीळवरून येऊ नको, पत्रीपुलाला अडकशील. दुर्गाडीवरून ये." हे दोघे माझ्या आईचे भाऊ. विठ्ठलवाडी स्टेशनजवळच्या दोन खोल्यांत दत्तामामा, मामी आणि सुधामामा असे तिघे राहत होते. मामा-मामींना मूल नव्हतं, सुधामामांचं लग्न झालं नाही. मी दुर्गाडीवरून गेलो. पोचलो तेव्हा सुधामामा दारात उभे राहून येणाऱ्यांना चपला कुठे काढायच्या ते सांगत होते. त्यांची रिकामी डावी बाही खांद्यापाशी दुमडून सेफ्टी पिनेने टाचलेली होती. त्या हाताची गोष्ट सांगितल्याशिवाय दत्तामामांबद्दल काही लिहिता येणार नाही, कारण दत्तामामा स्वतः ती गोष्ट वगळून कधीच कोणाशी बोलले नाहीत.

दत्तामामा ट्रेलर चालवायचे. न्हावाशेव्याचा कंटेनर उचलून भिवंडीच्या गोदामांत पोचवायचा, कधी कल्याण-अंबरनाथच्या कारखान्यांकडे. उंच, रुंद, कमी बोलणारे आणि बोलले की समोरच्याला लागेल असंच बोलणारे. रस्त्यावर त्यांचा दरारा होता, तो त्यांनी मेहनतीने कमावला होता. चाळीस फुटी गाडी एका रांगेतून दुसऱ्या रांगेत न्यायची तर बाकीचे ड्रायव्हर साइड मागतात. दत्तामामांना मागणं हा शब्दच मान्य नव्हता. "मागितली तर कोण देतो? तोंड आत घालायचं. मागचं धूड आपोआप येतं," असं ते म्हणायचे. एकदा मी त्यांच्यासोबत केबिनमध्ये बसून कळंबोलीहून कल्याणपर्यंत आलो आहे. फट दिसली की त्यांचा चेहरा शांत व्हायचा. शेजारच्या गाडीचा वेग, आपल्या मागच्या चाकांची जागा आणि पलीकडच्या माणसाची भीती हे सगळं त्यांना एकदम दिसत असावं. शेवटची गोष्ट त्यांना जास्त स्पष्ट दिसायची. एखाद्या कारवाल्याने घाबरून ब्रेक मारला की ते तोंडातल्या तोंडात हसायचे.

डावी बाजू मात्र त्यांनाही दिसत नव्हती. इतक्या उंच केबिनमधून डाव्या दाराला लागून चाललेली गाडी आरशात येतच नाही. त्यासाठी क्लीनर. मामांचा क्लीनर म्हणजे त्यांचा सख्खा भाऊ सुधाकर. ट्रेलर डावीकडे घ्यायचा असला की सुधामामा खिडकीतून कोपरापर्यंत हात बाहेर काढायचे आणि पंजा पसरून मागच्याला थोपवायचे. रस्त्यावर इंडिकेटरला कोणी मोजत नाही, हाताला मोजतात. बाहेर आलेला हात माणसाचा असतो. मग त्याच हाताने दाराच्या पत्र्यावर ठोके. हिशेब बसच्या घंटीचाच. एक ठोका म्हणजे थांब, दोन ठोके म्हणजे घे. इंजिनच्या आवाजात शब्द ऐकू जात नाहीत, पत्रा ऐकू जातो. दोघे भाऊ वर्षानुवर्षं एवढ्याच भाषेवर गाडी चालवत होते आणि केबिनमध्ये दुसरं काही फारसं बोलतही नव्हते.

कल्याण-शीळ रस्त्याचं काम चालू होतं त्या काळातली गोष्ट. काटई नाक्याच्या अलीकडे रस्ता एकदम अरुंद झाला होता, उजवीकडच्या गाड्यांना डावीकडच्या रांगेत शिरावं लागत होतं. दुपारची वेळ. मामांचा ट्रेलर उजव्या रांगेत, डाव्या बाजूला एक टँकर. टँकरवाला साइड देत नव्हता. सुधामामांचा हात बाहेर होता. पत्र्यावर ठोका पडला, ट्रेलर डावीकडे गेला, आणि दाराच्या व टँकरच्या मधे हात राहिला... डोंबिवलीच्या दवाखान्यात तो खांद्यापासून काढावा लागला.

पोलिसांना दत्तामामांनी जबाब दिला की क्लीनरने दोन ठोके मारले म्हणून मी गाडी घेतली. मालकालाही तेच सांगितलं. सुधामामा शुद्धीवर आले तेव्हा म्हणाले, मी एकच मारला. दत्तामामा खाटेशी उभे होते. "दोन मारलेस सुध्या. दुखण्यात तुला आठवत नाहीये." पुढे महिनाभर सुधामामा एक म्हणत राहिले. मग म्हणाले, बहुतेक एक. मग म्हणाले, काय माहीत. दवाखान्यातून घरी आणल्यावर दादा त्यांना भरवत होता, आंघोळ घालत होता, आणि भरवता भरवता विचारत होता, "आठवलं का?" पावसाळा संपेपर्यंत सुधामामांना दोन ठोके आठवायला लागले. पत्र्याचा आवाजसुद्धा आठवायला लागला. दत्तामामांचं लायसन राहिलं, नोकरी राहिली.

डोंबिवलीत सुधामामांचं लग्न ठरत आलं होतं. मुलीचे वडील चौकशीला आले, तेव्हा मी मामांच्या घरीच होतो. एका हाताचं त्यांना कळलं होतं, तरी ते आले होते. पोरगी नाही म्हणत नाहीये, असं ते हळूच म्हणाले. दत्तामामांनी त्यांना पाणी दिलं आणि सांगितलं, "हात गेला त्याचं काही नाही हो. पण स्वतःच्या चुकीने गेला. माणूस असा आहे, एक सांगायचं तिथे दोन सांगतो. पुढे संसारात काय सांगेल?" पाहुणे चहा न घेता गेले. सुधामामा आतल्या खोलीत होते. दोन खोल्यांच्या घरात आतल्या खोलीत सगळं ऐकू येतं.

पुढे गाडी चालवणं सुटल्यावर दत्तामामांनी कल्याणजवळच्या एका मैदानात अवजड गाड्या शिकवायला सुरुवात केली. शिकवणं त्यांना चांगलं जमत होतं हे सांगायला हवं. त्यांच्या हाताखालून गेलेले ड्रायव्हर आज बस, डंपर, ट्रेलर नीट चालवतात. रांग बदलण्याचा धडा मात्र ते स्वतःच्या पद्धतीने घ्यायचे. त्या दिवशी सुधामामांना सोबत न्यायचे. पोरं ट्रेलरभोवती उभी राहायची. मामा आरसे समजावायचे, आंधळी बाजू खडूने जमिनीवर आखून दाखवायचे, आणि मग म्हणायचे, "सुध्या, दाखव." सुधामामा बाहीची पिन काढून खांदा उघडा करायचे. "हा माणूस एक ठोका मारायचा तिथे दोन मारतो. बघून घ्या. क्लीनरवर विश्वास ठेवायचा नाही. सख्खा भाऊ असला तरी नाही."

पोरांनी सुधामामांचं नाव 'डबल बेल' ठेवलं. त्यांनी ते घेतलं. आरंभी खाली मान घालून उभे राहायचे. पुढे स्वतःच गोष्ट सांगायला लागले, आणि चांगली सांगायला लागले. टँकरवाल्याची मिशी, दादाचा चेहरा, पत्र्याचा आवाज... पोरं हसायची. "काका, तिसरा मारला असता तर?" एकाने विचारलं. "तर टँकरवालापण उतरून आला असता रे, म्हणाला असता, कोण दार वाजवतंय?" त्यावर दत्तामामाही हसले होते. मैदानातून घरी येताना दोघे भाऊ रिक्षात शेजारी बसायचे. रिक्षावाल्याने रांग बदलली की दत्तामामा ओरडायचे, सुधामामा गप्प राहायचे.

गेल्या वर्षी दत्तामामांची फुप्फुसं निकामी होत गेली. शेवटचे तीन महिने ते खाटेवरच होते. त्यांचं सगळं मामी आणि सुधामामा करत होते. मामींच्याने त्यांना उचलवत नव्हतं, म्हणून कूस बदलण्याचं काम सुधामामांकडे. त्यांनी त्याची एक रीत बसवली होती. उजवा हात पाठीखाली घालायचा, खांद्याने रेटायचं आणि गुडघा खाटेला टेकवून वजन घ्यायचं. रोज जमायचं. मी शेवटचा गेलो त्या रविवारी नीट जमलं नाही. पाठीवर जखम झाली होती, तिथे हात लागला. दत्तामामा कळवळले.

"नीट धर ना. एक काम धड येत नाही तुला."

"माझंच चुकलं दादा," सुधामामा मैदानातल्या सुरात म्हणाले. "डबल बेल मारली."

दत्तामामांनी दम घेतला. वेळ लागला त्याला. मग अगदी सरळ आवाजात म्हणाले, "एकच मारलेलास."

मामी दारात डाळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला.

"मी ऐकलेला. एकच होता. टँकरवाला मला आत घेत नव्हता. त्याला सोडला असता तर पुढच्या नाक्यावर दात काढले असते त्याने."

"अहो," मामी म्हणाल्या, "मग इतकी वर्षं..."

"लायसन गेलं असतं. तू काय खाल्लं असतंस? आणि हा. चूक याची नसती तर घरात असा गप राहिला असता का? माझ्या ताटात जेवून मलाच बोलला असता." पुन्हा दम. "राहिला की नाही गप? बघ, आत्ताही गप आहे."

त्यांना पश्चात्ताप झाला होता, असं मला लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. तसं काही दिसलं नाही. आवाजात समाधानही नव्हतं. चिडलेल्या माणसाने हाताशी येईल ती वस्तू फेकावी तसं त्यांनी ते वाक्य फेकलं होतं. ज्याला लागायचं त्याचा हात अजून त्यांच्या पाठीखालीच होता. सुधामामांनी तो काढला नाही. तसंच वाकून विचारलं, "दादा, डाव्या कुशीवर ठेवू का उजव्या?"

"भिंतीकडे," दत्तामामा म्हणाले. सुधामामांनी त्यांना भिंतीकडे वळवलं, चादर ओढून सारखी केली. दत्तामामांनी चहा मागितला. त्यानंतरच्या गुरुवारी पहाटे ते गेले. मधल्या दिवसांत त्या विषयावर कोणी काही बोललं नाही, असं मामींनी मला सांगितलं.

तेरावं झाल्यावर पुढच्या रविवारी मैदानातले काही जुने विद्यार्थी भेटायला आले. आता चाळिशीची माणसं. एकजण कल्याणहून नाशिकला बस नेतो, एकजण डंपर चालवतो. उस्तादांच्या आठवणी निघाल्या. कोणाला त्यांनी स्टिअरिंगवरून कानफटात मारून उठवलं होतं, कोणाला अख्खी सकाळ मागच्या चाकाशी उभं केलं होतं. ते हे कौतुकानेच सांगत होते. मग डंपरवाल्याने म्हटलं, "काका, ती काटई नाक्याची सांगा ना. उस्ताद असताना सांगायचात तशी."

मामी मोरीत भांडी घासत होत्या. तिथला आवाज बंद झाला. सुधामामांनी पत्र्याची खुर्ची जरा पुढे ओढली आणि सुरुवात केली. टँकरवाल्याची मिशी आली, दादाचा चेहरा आला. मग त्यांनी खुर्चीच्या पत्र्यावर पंजा आपटला. एकदा. माणसं वाट बघत होती. सुधामामांनी मामींकडे पाहिलं, आणि दुसऱ्यांदा आपटला. माणसं हसली. "डबल बेल," कोणीतरी म्हणालं.

ती माणसं गेल्यावर मामी पदराला हात पुसत बाहेर आल्या. "भाऊजी, आता कोणाला भ्यायचं? एक म्हणायचं होतंत की."

"एक म्हटलं तर वहिनी," सुधामामा म्हणाले, "मी इतकी वर्षं कोणाच्या हातचं जेवलो?"

मामी आत जाऊन नेलकटर घेऊन आल्या आणि त्यांच्यासमोर खाली बसल्या. दर रविवारी हे काम दत्तामामा करायचे, अगदी खाटेवर असतानाही; एकच हात असलेल्या माणसाला त्या हाताची नखं स्वतः कापता येत नाहीत. नखं बरीच वाढली होती. सुधामामांनी थोडा विचार केला आणि हात पुढे केला. मामींनी अंगठा धरला.

"वहिनी, जरा वरूनच कापा," ते म्हणाले. "दादा फार खोल कापायचा."