एका टेबलाला दोन वायरी

मी ऑफिसांत टेलिफोन आणि कॉम्प्युटरच्या वायरी टाकते. हे कळलं की नातेवाईक विचारतात, मग कॉलेज कशाला केलंस? जळकोटच्या एका लग्नात मामा पंगतीत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बीएस्सी झाली अन् वायरी ओढायलीय." मी म्हटलं, "ओढायले की मामा. तुमच्या घरी ओढायच्या असल्या तर सांगा, पण फुकट न्हाई." मग मामांना एकदम भजी आठवली.

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं. वडील लातूरच्या डाळमिलमध्ये हमाल. महिन्याच्या महिन्याला पगार येणारी घरातली पहिली नोकरी माझी. ती लातूरच्याच एका दुकानदाराकडे होती, त्यांना सगळे अप्पा म्हणत. ते ऑफिसांच्या वायरिंगची कामं घ्यायचे आणि मी ती जागेवर उभी राहून करून घ्यायचे. ती नोकरी मी घालवली. घालवली म्हणते, कारण ती आपोआप गेली नाही.

काम नांदेडला होतं. एका खासगी ऑफिसने नवा मजला घेतला होता. त्यांच्या जुन्या जागेत फोनची प्रत्येक वायर ऑफिसातल्याच एक्स्चेंजच्या डब्यापासून थेट टेबलापर्यंत खिळे मारत नेलेली. टेबल हललं की वायरमनची वाट बघायची. नव्या पद्धतीत टेबलामागे भिंतीत दोन पॉइंट असतात, दोन्ही अगदी सारखे. प्रत्येकाची वायर छतातून मागच्या खोलीतल्या लोखंडी रॅकमध्ये येते. एक्स्चेंजच्या लाइनीही तिथेच आणून लावायच्या. मग कुठल्या पॉइंटवर फोन आणि कुठल्यावर कॉम्प्युटर, हे रॅकमधली हातभर वायर इकडची तिकडे लावून ठरतं. भिंतीला हात लावावा लागत नाही.

तिथे फोन जोडून द्यायला एक ऑपरेटर काकू होत्या, बिलोलीकडच्या. कुणी नवीन साहेब आला की त्याला काकूंचीच जागा आवडायची. त्या मला म्हणाल्या, "मला उठवून कोपऱ्यात बसवत्यात, अन् फोन ऱ्हातो जुन्या जाग्यावर. वाजला की मी पळायचे. समदे हसायचे, काकू शर्यतीत उतरल्या म्हणून. आता तसं न्हाई ना व्हायचं?"

"न्हाई काकू. कुठंबी बसवू द्या, फोन तुमच्यामागं येईल."

हे मी त्यांना खुर्चीवर बसवून, रॅक दाखवून सांगितलं होतं.

हॉलचं अर्धं काम झालं आणि वायर कमी पडायला लागली. मी अप्पांना फोन लावला. ते म्हणाले, "उद्घाटन तोंडावर आलंय अन् तू वायर काय मागायलीस? एका वायरीत आठ तारा असत्यात का न्हाई?"

"असत्यात."

"कॉम्प्युटरला चार लाव. उरलेल्यातल्या दोन फोनला, थेट एक्स्चेंजच्या लाइनीला बांधून टाक. झाले की दोन पॉइंट. सगळे तसंच करत्यात."

सगळे तसं करतात, हे खरं होतं. फोन वाजतो, कॉम्प्युटरही चालतो. पण मग फोनचा पॉइंट जन्मभर फोनचाच, तोही एकाच बांधलेल्या लाइनीचा; माणूस हलला तरी त्याचा फोन मागे येणार नाही. त्यात कॉम्प्युटर लावला तर चालायचा नाही, आणि ज्या पॉइंटवर कॉम्प्युटर आहे तिथे फोन वाजायचा नाही. शिवाय कॉम्प्युटरचा वेगही कमी. बाहेरून दोन्ही पॉइंट सारखेच दिसणार. मी नाही म्हटलं. संध्याकाळच्या आत अप्पा लातूरहून हजर.

"भिंतीच्या आत कोण बघायलंय?" ते म्हणाले.

"मी बघायलेय की."

"तुझं बघणं कोण विचारतंय? पगार कोण देतंय?"

"तुम्ही. पण शब्द मी दिलाय."

"मग शब्द घेऊन घरी जा."

"जाते. पण जाताना काकूंना सांगून जाते, की मी बोलले ते खोटं पडायलंय."

अप्पांना वाटलं मी रागाने बोलतेय. मी सरळ हॉलमध्ये गेले. मॅनेजर साहेब काकूंच्या टेबलापाशीच उभे होते. मी दोघांनाही सांगितलं की पॉइंट दोन दिसतील, पण वायर एकच असेल. अप्पा मागे येऊन उभे राहिले.

मॅनेजर म्हणाले, "उद्घाटनाला फोन वाजतील ना?"

"वाजतील, साहेब."

"मग अडचण काय?"

"टेबल हलवलं तर फोन जुन्याच जागी राहील."

"अहो, टेबल कशाला हलतंय?" साहेब हसले.

काकू हातातला फोन तसाच धरून म्हणाल्या, "माझंच हलतंय, साहेब. दर वक्ताला."

साहेबांनी अप्पांकडे बघितलं. अप्पांनी खिशातून रुमाल काढून मान पुसली आणि म्हणाले, "उद्या वायर येईल." मग मला जिन्यात गाठून हळूच म्हणाले, "एवढं काम कर. मग माझ्या दुकानाची पायरी चढू नको."

काम मी पुरं केलं. छतात हात घालून स्वतः वायरी ओढल्या, दोन्हीकडच्या आठही तारा रंग बघून बसवल्या, प्रत्येक पॉइंटवर आधी फोन वाजवून बघितला, मग कॉम्प्युटर लावून बघितला. लातूरला आले ती बेकार होऊन. वडिलांना सांगायचं मी दोन दिवस टाळलं. सांगितल्यावर ते म्हणाले, "तोंड जरा कमी चालवायचं होतंस." मी म्हटलं, "तोंड चालवलं म्हणून काम नीट झालं." ते आंघोळीला गेले. त्यांना पटलं असं मी म्हणणार नाही. पगार घरात लागत होता.

आता माझं स्वतःचं काम आहे, छोटं. गिऱ्हाईक आलं की पहिल्यांदा सांगते, एका टेबलाला दोन वायरी, आणि दोन्ही पुऱ्या. काहीजण म्हणतात, अप्पा एकीतच करून देतात. मग त्यांच्याकडे जा म्हणते. जातात. मीही रोज अप्पांच्या दुकानासमोरूनच जाते. दुसरा रस्ता आहे, पण तो लांबचा पडतो, आणि लांबून जायला मी काही वाईट केलेलं नाही.