ब्रेकवरचा पाय

कुसुमताई शेवडे म्हणजे मुलींच्या शाळेतल्या शिवणाच्या बाई. निवृत्त होऊन वर्षं झाली, तरी रत्नागिरीच्या बाजारात दर चार पावलांवर कोणीतरी ‘बाई’ म्हणून हाक मारायचंच. मुलगा सलिल परदेशी गेला तेव्हा आपली गाडी आईवडिलांच्या अंगणात ठेवून गेला. पण आप्पांच्या, म्हणजे कुसुमताईंच्या यजमानांच्या, डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं. गाडीला हात लावायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. गाडी ताडपत्रीखाली पडून, आणि दवाखान्यात जायचं तर रिक्षावाल्याच्या विनवण्या. शेवटी कुसुमताईंनी एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये स्वतःचं नाव घातलं.

शिकवायला विनीत नावाचा तरुण होता. बोलायला गोड, आणि कानाला कायम फोन. पण शिकवणं त्याचं उत्तम असावं, कारण दुसऱ्याच आठवड्यात गाडी साळवी स्टॉपवरून मारुती मंदिरापर्यंत अशी अलगद जायला लागली, की कुसुमताईंना स्वतःचंच नवल वाटलं. गिअर पडताना खरखर नाही, थांबताना धक्का नाही.

“काकू, तुमचा पाय फार हलका आहे हो,” विनीत म्हणायचा.

घरी येऊन त्या आप्पांना हे पुनःपुन्हा ऐकवायच्या.

शिकवणी संपली, परीक्षा पुढच्या महिन्यात होती. शिकाऊ परवाना होता आणि शेजारी बसायला आप्पा होते, म्हणून एका रविवारी सकाळी त्यांनी अंगणातली गाडी बाहेर काढली. फाटकातच ती बंद पडली. पुन्हा चालू केली, बेडकासारखी उडी मारून पुन्हा बंद. कशीबशी रस्त्याला लागली आणि परटवण्याच्या उतारावर समोर एक स्कूटर आडवी आली. कुसुमताईंनी ब्रेक दाबला, तो थेट तळाला. पट्टा होता म्हणून आप्पांचं कपाळ वाचलं. चष्मा मात्र समोरच्या काचेवर जाऊन आपटला. मागे हॉर्नचा कल्लोळ उठला. गिअर सापडेना, क्लच सोडला की गाडी थरथरून मरायची. शेवटी शेजारचे एक गृहस्थ चालत आले, त्यांनी गाडी घरी आणून लावली आणि किल्ली आप्पांच्या हातात दिली. कुसुमताईंच्या नाही.

“वहिनी, या वयात कशाला हा उपद्व्याप?” असंही वर म्हणाले.

आप्पा रागावले नाहीत. डोळे पुसत नुसतं म्हणाले, “राहू दे गो. एकेकाला नाही जमत.”

रागावले असते तर बरं झालं असतं, असं कुसुमताईंना वाटलं.

तरीही दुसऱ्या दिवशी त्या विनीतपुढे जाऊन उभ्या राहिल्या. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, “काकू, वय झालं की पाय जड होतात. अजून आठवडाभर या, हात बसेल तुमचा.”

त्यांनी अपमान गिळला. पण शिकवणीच्या गाडीत बसल्या मात्र, आणि गाडी पुन्हा तशीच, पाण्यावरून होडी जावी तशी चालायला लागली. काल जड झालेले पाय आज हलके कसे झाले?

शाळेत कुठल्या मुलीने झबलं स्वतः शिवलंय आणि कुठलीने आईकडून शिवून आणलंय, हे बाई नुसता टाका बघून ओळखायच्या. या गाडीच्या थांबण्यात त्यांना तसाच परका टाका दिसायला लागला. विनीतच्या पायाशीही एक क्लच नि एक ब्रेक आहे, हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. अडीअडचणीला असतात, असं त्यानेच सांगितलं होतं.

गाडी सड्यावर आली. दोन्ही बाजूंना मोकळा कातळ, रस्त्यावर चिटपाखरू नाही.

“काकू, त्या खांबापाशी थांबवा,” विनीत फोनमध्ये बघतच म्हणाला.

कुसुमताईंनी दोन्ही पाय उचलले आणि सीटखाली ओढून घेतले. गाडीचा वेग हळूहळू उतरला, आणि बरोबर खांबापाशी ती अशी उभी राहिली की पाण्याने भरलेला पेला हिंदकळला नसता.

“व्वा काकू! काय सुंदर ब्रेक मारलात!”

“विनीत, फोन ठेव,” कुसुमताई म्हणाल्या. “आणि माझ्या पायांकडे बघ.”

त्याने बघितलं. मग स्वतःच्या पायांकडे बघितलं, आणि त्याचे कान लाल झाले.

“तू मला शिकवत होतास की फिरवत होतास?”

“काकू, सगळेच असं करतात हो. नवीन माणसाच्या पायाखाली क्लच दिला की क्लचप्लेट जळते. मग मालक माझ्या नावाने शिमगा करतो.”

“मालकाचा शिमगा तुला दिसला! उतारावर माझ्या शेजारी बसलेला माणूस नाही दिसला? डोळ्याचं ऑपरेशन झालंय त्यांचं. काच फुटून डोळ्यात गेली असती तर? आणि वर तोंड करून मला सांगतोस, काकू, वय झालं!” त्यांचा आवाज चढला होता. “गाडी तू चालवायचीस, शाबासकी मला द्यायचीस, आणि माझ्या हातून बिघडलं की माझं वय काढायचंस!”

बोलता बोलता त्यांना आपली मैत्रीण ज्ञानेश्वरी आठवली. शाळेत मराठी शिकवायची, याच स्कूलमध्ये शिकली. परवाना मिळाला, आणि पहिल्याच आठवड्यात गाडी गडग्यावर, दगडी कुंपणावर, घातली. ‘माझ्यात ते नाहीच गो,’ असं म्हणून तिने परवाना कपाटात टाकला, तो कायमचा. त्यांची नणंद मालन, तीही तशीच. गावात अशा कितीजणी आपल्यालाच मठ्ठ समजून रिक्षाची वाट बघत उभ्या असतील, या विचाराने कुसुमताईंच्या अंगाचा तिळपापड झाला.

“चप्पल काढ,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“चप्पल काढ आणि सीटवर मांडी घालून बस. हात हवा तर हँडब्रेकवर ठेव. पाय खाली आला तर उद्या मी तुझ्या मालकाच्या दारात, आणि बाजारातली प्रत्येक मुलगी मला ओळखते.”

तो हसायला गेला, पण त्यांचा चेहरा बघून त्याने निमूट मांडी घातली. गाडी लगेचच बंद पडली. मग उडाली. मग विनीत ओरडायला लागला, “काकू, ब्रेक! ब्रेक!”

“ओरडू नकोस. किती दाबू ते सांग.”

ते त्याला सांगता येईना. आजवर त्याला ते शब्दांत सांगावंच लागलं नव्हतं. पाय आपोआप करत असलेली गोष्ट तो त्या दिवशी पहिल्यांदा अडखळत बोलला: क्लच सोडताना गाडी जरा कुरकुरते, तिथे क्षणभर थांबायचं. ब्रेक आधी हलका, मग जास्त, आणि गाडी उभी राहणार तेवढ्यात किंचित सैल सोडायचा, म्हणजे मान पुढे जात नाही. उतारावर दुसरा गिअर टाकायचा, गाडी स्वतःच स्वतःला धरते. कुसुमताईंनी जन्मभर पायाने शिवणयंत्र चालवलं होतं. कुठे किती जोर द्यायचा, ते एकदा कळल्यावर त्यांच्या पायांत बसायला वेळ लागला नाही. आठवडाभर धक्के खाल्ले, पण ते त्यांचे स्वतःचे होते.

मालकाला त्यांनी सोडलं नाहीच. तो खुर्चीतून न उठता म्हणाला, “बाई, पास झाल्याशी मतलब. तक्रार तुमची एकटीचीच आहे.”

“कारण बाकीच्यांना कळलेलंच नाही,” त्या म्हणाल्या आणि पायऱ्या उतरल्या. माफी कोणी मागितली नाही.

परवाना मिळाल्यावर त्यांनी आप्पांना डोळे दाखवायला स्वतः नेलं. परटवण्याचा उतार उतरताना आप्पांनी आधी दरवाज्याचा दांडा गच्च धरला होता, खाली येईपर्यंत तो त्यांनी सोडून दिला. शेजारच्या गृहस्थांनी फाटकातून बघितलं; पण कुसुमताईंना तेवढं पुरेसं वाटलं नाही.

मग त्या ज्ञानेश्वरीकडे गेल्या. “कपाटातला परवाना काढ,” म्हणाल्या, आणि सगळी हकीकत सांगितली. ज्ञानेश्वरी उठून कपाटापाशी गेली. “म्हणजे इतकी वर्षं मी उगाच…” म्हणत तिने परवाना बाहेर काढला.

आता आठवड्यातून दोनदा ज्ञानेश्वरी चालवते, शेजारी कुसुमताई. परवा माळनाक्याच्या चढावर गाडी बंद पडली, पुन्हा चालू केली, पुन्हा बंद. मागचा जीपवाला हॉर्नवरचा हात काढेना म्हणून कुसुमताईंनी काच खाली केली आणि अर्ध्या बाहेर वाकल्या.

“कसली घाई आहे हो? थांबा जरा! ती स्वतः चालवतेय!”